क्लासचे १८ हजार राहू दे, आधी बाबांना एक गोष्ट विचार

प्रश्न : मी नागपुरात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मार्क चांगले आहेत, पण मॉक ग्रुप डिस्कशनमध्ये तोंडच उघडत नाही. ‘कम्युनिकेशन स्किल्स’ हा पेपर मला टाइमपास वाटतो. तरी धरमपेठेतल्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासला १८ हजार भरू का? कोराडीच्या वीज केंद्रातून ऑपरेटर म्हणून रिटायर झालेले बाबा नको म्हणतात.

उत्तर : मी बाबांच्या बाजूने. पण पेपर टाइमपास आहे, हे मात्र मला पटलेलं नाही. इंग्रजी फाडफाड बोलणं आणि कामाचं नीट सांगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी येत नसेल तर माणसं मरतात.

६ जुलै १९८८. उत्तर समुद्रातला पायपर अल्फा हा तेल-वायूचा प्लॅटफॉर्म. दोन पंपांपैकी एकाची सेफ्टी व्हॉल्व्ह दिवसपाळीत दुरुस्तीला काढली होती. काम संध्याकाळपर्यंत उरकलं नाही, म्हणून पाइपच्या उघड्या तोंडावर नुसती ब्लाइंड फ्लॅंज, म्हणजे तोंड बंद करणारी बिनभोकाची चकती, बसवून ठेवली. व्हॉल्व्ह काढल्याची गोष्ट रात्रपाळीच्या माणसांपर्यंत पोचलीच नाही. रात्री पावणेदहाच्या सुमारास दुसरा पंप बंद पडला. पहिला चालू करता येईल का, म्हणून त्यांनी कागद पाहिले. त्या पंपाच्या मोठ्या दुरुस्तीचं परमिट, म्हणजे कामाची लेखी परवानगी, सापडलं, ती दुरुस्ती अजून सुरू झालेली नव्हती. व्हॉल्व्हचं परमिट वेगळं होतं, ते त्यांच्या हाती आलं नाही. पहिला पंप चालू केला, फ्लॅंजमधून वायू गळला आणि स्फोट झाला. १६७ माणसं गेली.

यात अडाणी कोणीच नव्हता. पंप चालवणाऱ्यांना पंप येत होता.

आता म्हणशील, आपण कुठे समुद्रात चाललो! मी हिंगण्याच्या एमआयडीसीत असतानाची गोष्ट ऐक. डिझाइनवाल्याने फोनवर भोकाचं माप बदलून ‘बावीस’ सांगितलं. मागे मशीनचा आवाज, सुपरवायझरने ऐकलं ‘बत्तीस’. चाळीस फ्लॅंज भंगारात गेल्या. ड्रिलवरच्या माणसाला माप विचित्र वाटलं होतं, हे नंतर कळलं. मी विचारलं, तर म्हणाला, “साहेबानं सांगतलं म्हणल्यावर मी काहून विचारू?” त्याचं चुकलं असं मला आजही म्हणवत नाही. तिथे प्रश्न विचारणाऱ्याला ‘लई शहाणा’ म्हणायची पद्धत होती. आणि ड्रॉइंगवर दुरुस्ती करून सही घ्यायला खाली यायचा कंटाळा आम्हा इंजिनिअरांनाच होता.

एक कडू गोष्टही सांगतो, नाहीतर सांगितलं की झालं असं तुला वाटेल. अमेरिकेच्या चॅलेंजर अवकाशयानाच्या रॉकेटमधल्या ओ-रिंग, म्हणजे जोड बंद ठेवणाऱ्या रबरी कड्या, खराब होताहेत आणि त्यातून माणसं मरू शकतात, हे रॉजर बॉइस्जोली या इंजिनिअरने जुलै १९८५ मध्येच लिहून दिलं होतं. उड्डाणाच्या आदल्या रात्री फोनवरच्या बैठकीत त्याने आणि सहकाऱ्यांनी एवढ्या थंडीत उड्डाण करायला विरोध केला. रॉकेट बनवणाऱ्या त्यांच्याच कंपनीच्या व्यवस्थापकांनी तो बाजूला ठेवून नासाला होकार कळवला. २८ जानेवारी १९८६ ला यान ७३ सेकंदांत फुटलं, सातही जण गेले. बोलणारे बोलले होते, ऐकणारे हुकले. उद्या तू टीम लीडर होशील तेव्हा ही गोष्ट जास्त लागेल.

तर काय करायचं? प्रॅक्टिकलचं जर्नल असं लिही की ज्युनिअरने तुला न विचारता तोच प्रयोग करावा. मराठीत सुचलं तर आधी मराठीत लिही. कोणी तोंडी माप सांगितलं तर परत म्हणून दाखव, ‘दोनावर दोन, बावीस ना?’ उन्हाळ्यात बुटीबोरीला इंटर्नशिप मिळाली तर पाळी बदलायच्या पंधरा मिनिटं आधी जाऊन उभा राहा, लॉग बुक वाच. ग्रुप डिस्कशनची भीती यातून आपोआप जाणार नाही. त्यासाठी कॉलेजातली चार मुलं जमव, फुकटात होईल.

आज रात्री जेवताना बाबांना विचार, शिफ्टचा चार्ज देताना ते पुढच्या माणसाला काय काय सांगायचे आणि एखाद्या दिवशी सांगायचं राहून गेलं तर घरी आल्यावर काय करायचे. ते पानभर लिहून मला पाठव.