शाळेतली जुनी घसरगुंडी आणि झोके सुरक्षित आहेत का, हे कसं तपासायचं?

परभणी जिल्ह्यातल्या तुमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत दहा-बारा वर्षांपूर्वी घसरगुंडी, झोके आणि चढायची जाळी बसवली आहे. जूनमध्ये शाळा भरायच्या आत व्यवस्थापन समितीने त्यांत काय बघावं, असं तुम्ही विचारलं आहे. नव्या रंगावर जाऊ नका. लोखंड कुजतं ते जमिनीला टेकतं तिथे, म्हणून तपासणी खालून सुरू करा.

आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. दरवर्षीच्या या ओढाताणीत काँक्रीटचा पाया हलतो, खांब कलतो, आणि पाइप व काँक्रीटच्या मधल्या फटीत पाणी मुरत राहतं. प्रत्येक खांबाभोवती वीतभर माती उकरा, तारेच्या ब्रशने पाइप घासा आणि हातोडीने ठोकत जा. चांगला पाइप खणखणीत वाजतो, कुजलेला बद्द वाजतो. शंका आली तर जाड स्क्रूड्रायव्हर जोर देऊन टोचा. पत्रा दबला किंवा भोक पडलं तर ते खेळणं त्याच दिवशी बंद. त्यावर नुसता तुकडा वेल्डिंग करून भागत नाही, कारण पातळ झालेला पत्रा वेल्डिंगने जळतो आणि जोड धरत नाही. चांगलं लोखंड लागेपर्यंत पाइप कापून पायच नवा बसवायला सांगा. पाइपाच्या वरच्या तोंडाला टोपी नसेल तर पाणी आतून उतरतं, तेही बघा. मग ओळंबा लावा आणि दोघांनी खांब धरून हलवा. पाया उघडा पडला असेल तर त्यावर माती ओढून घ्या. पडणाऱ्या मुलाचं डोकं उघड्या काँक्रीटवरच आपटतं.

खेळाच्या जागी सर्वांत जास्त दुखापती पडल्यामुळे होतात, त्यामुळे खालची जमीन खेळण्याइतकीच महत्त्वाची. पेव्हर ब्लॉक, काँक्रीट, वाळून कडक झालेली काळी माती, यांतलं काहीच चालत नाही. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या मार्गदर्शिकेप्रमाणे ९ इंच वाळू साधारण ४ फुटांवरून पडण्यापुरतीच पुरते, तर ९ इंच लाकडाचे छिलके १० फुटांपर्यंत चालतात. घसरगुंडीला पडण्याची उंची वरच्या फळीपर्यंत धरायची. झोक्याला मात्र साखळी अडकवलेल्या आडव्या पाइपापर्यंत. म्हणजे झोक्याखाली नुसती वाळू बहुतेक वेळा कमीच पडते. छिलके दबतात, म्हणून १२ इंच टाका, खाली खडीचा थर द्या, आणि वाळवी लागते हे धरून दरवर्षी भर घाला. क्रश सँड किंवा डस्ट (दगड फोडून केलेली वाळू किंवा भुकटी) टाकू नका, ती पावसानंतर घट्ट बसते. मऊ जमीन खेळण्याच्या चारही बाजूंना ६ फूट हवी. झोक्याच्या पुढे-मागे मात्र आडव्या पाइपाच्या उंचीच्या दुप्पट. पाइप ८ फुटांवर असेल तर दोन्हीकडे १६ फूट.

चढायच्या जाळीत आणि कठड्यात डोकं अडकण्याचा धोका लोकांच्या लक्षातच येत नाही. मूल पाय आधी घालतं, धड निघतं, डोकं अडकतं आणि अंगाचा भार मानेवर येतो. प्लायचे दोन तुकडे कापा: एक ९ × १६ सेंमीचा आयत, दुसरी २३ सेंमी व्यासाची चकती. ज्या बंदिस्त फटीतून आयत जातो पण चकती जात नाही, ती फट धोक्याची. मधे गज घालून ती लहान करा.

घसरगुंडीच्या वरच्या टोकाशी एक ओढणी घेऊन प्रत्येक बोल्ट, सांधा आणि कठड्यावरून ओढून बघा. जिथे अडकली, तिथे मुलीच्या गळ्यातली ओढणी किंवा ताईताचा दोरा अडकेल आणि घसरताना फास बसेल. नटच्या बाहेर दोन आट्यांपेक्षा जास्त बोल्ट दिसत असेल तर कापून कानस मारा. पत्र्याची घसरगुंडी उन्हात पोळते. हाताची मागची बाजू ५ सेकंद टेकवता आली नाही तर मुलांना बसवू नका. कायमचा उपाय म्हणजे सावली, किंवा नवी बसवताना तोंड उत्तरेकडे.

झोक्याची साखळी जिथे कडीत घासते तिथे झीज बघा, बारीक झालेली कडी बदला. साखळी अडकवायच्या एस-हुकच्या (इंग्रजी S आकाराच्या आकड्याच्या) फटीत जाडसर पोस्टकार्ड शिरलं तर तो पकडीने दाबून बंद करा. लाकडी किंवा लोखंडी फळी काढून रबरी बैठक लावा, कारण रिकामा झोका दुसऱ्या मुलाच्या तोंडावर आदळतो. एका चौकटीत दोनच झोके ठेवा.

गोल चक्रीही असेल तर तिच्या तळाखाली हात जाईल अशी फट नाही ना आणि बेअरिंग ढिलं झालेलं नाही ना, हे बघा.

खेळणं बंद करायचं ठरलं की पाटीवर भागवू नका. झोक्याच्या साखळ्या उतरवून कुलपात ठेवा आणि घसरगुंडीची शिडी पत्र्याने झाका. सुटीतही मुलं मैदानात येतातच. तारीख, दोष आणि दुरुस्ती वहीत लिहून मुख्याध्यापकांची सही घ्या. पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावर खांबांचे पाय आणि ओळंबा पुन्हा एकदा बघा, कारण माती फुगल्यावर पाया हलतो.