बाबा शांत असतात

"तिथे त्यांच्याकडे नीट बघतात की नाही, हे मला कळणार कसं?" हा प्रश्न माझ्या समुपदेशनाच्या खोलीत इतक्यांदा विचारला गेलाय, की समोरचा माणूस खुर्चीत टेकायच्या आतच मला तो ऐकू येतो. विचारणारे बहुतेक पन्नाशी-साठीचे. कुणाची आई विसरायला लागलेली, कुणाच्या वडिलांच्या खुब्याचं हाड मोडलेलं. घरी निभेना म्हणून वृद्धनिवासात ठेवलं आणि त्या दिवसापासून यांचीच झोप उडाली. अशांना हल्ली मी एका ताईंची गोष्ट सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललंय, गाभा तेवढा तोच ठेवलाय.

ताई पेशाने लेखापरीक्षक. पहिल्याच भेटीत त्यांनी पर्समधून एक जाड वही काढून टेबलावर ठेवली. वडील राहत होते त्या निवासाची तपासणी करायचे ६२ प्रश्न तिच्यात होते. न्हाणीघरात धरायला दांडा आहे का, जिन्यात उजेड पुरेसा आहे का, आग लागली तर बाहेर पडायची वाट मोकळी आहे का, रात्रपाळीला माणसं किती. दर रविवारी त्या जायच्या, वही उघडायच्या, खुणा करायच्या. साठाच्या खाली गुण एकदाही आले नव्हते.

"मग अडतंय कुठे?" मी विचारलं.

"रात्री दोनला जाग येते. वाटतं, माझ्या नजरेतून काहीतरी सुटतंय."

मी मनातल्या मनात निदान करून मोकळी झाले: अपराधीपणा. बाबांना घरातून हलवल्याचं ओझं, ते वहीवर उतरतंय. पहिल्या दोन-तीन भेटी आम्ही त्यावरच घालवल्या. त्या रडल्या, आईला शेवटच्या आजारात दिलेल्या शब्दाबद्दल बोलल्या, थोड्या हलक्याही झाल्या. झोप मात्र येईना.

मग एकदा मी सहज विचारलं, "रविवारी गेल्यावर बाबांशी काय बोलता?"

"विचारते ना. जेवलात का, झोप लागली का, कुणी ओरडत तर नाही ना."

"आणि ते?"

"हो म्हणतात. मान डोलावतात."

"ते तुम्हाला काय विचारतात?"

ताई बराच वेळ गप्प बसल्या. "काहीच नाही. पूर्वी किती बोलायचे. आता बाबा शांत असतात. तिथलेही तेच सांगतात, आजोबांचा काही त्रास नाही, शांत असतात."

हे 'शांत असतात' मला खटकलं. मी म्हटलं, "येत्या रविवारी वही घरी ठेवा. बाबांशेजारी तासभर बसा. काही विचारू नका."

"तासभर नुसतं बसून करू काय?"

"बसा."

माझी घडण मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सच्या विचारातली. माणसाला तपासू नका, त्याच्यासोबत राहा, तो आपसूक दिसू लागतो, यावर माझा जुना विश्वास आहे. सहकारी यावरून माझी थट्टा करतात, करोत.

पुढच्या भेटीला ताई आल्या त्या उभ्या उभ्याच बोलायला लागल्या. रविवारी त्या बाबांशेजारी नुसत्या बसल्या होत्या. मावशी गोळ्या घेऊन पाठीमागून आली, "आजोबा, गोळ्या," म्हणाली. बाबांनी वळूनही पाहिलं नाही. तिने गोळ्या तळहातावर ठेवल्या, त्यांनी गिळल्या. शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ काहीतरी बोलले, बाबांनी हसून मान डोलावली. अगदी तश्शीच, दर रविवारी ताईंपुढे डोलावायचे तशी. ताईंनी कपाटाचा खण उघडला. कानाचं मशीन रुमालात गुंडाळून ठेवलेलं होतं, बॅटरी संपलेली. ती बॅटरी टिकतेच मुळी आठवडा-दोन आठवडे. कधी संपली होती, कुणालाच सांगता आलं नाही.

"एक्केचाळिसावा प्रश्न होता, मॅडम. 'कानाचं मशीन आहे का?' दर रविवारी मी बरोबरची खूण केलीय. मशीन होतंच ना!" त्या हसता हसता रडायला लागल्या. "माझ्या एकाही प्रश्नाला त्यांनी हो म्हटलेलं नव्हतं. त्यांना प्रश्न ऐकूच येत नव्हता."

त्या रात्री झोप मला आली नाही. ताईंच्या वहीला मी मनातून हसले होते, आणि माझ्याकडेही तशीच एक वही होती. तिच्यात 'अपराधीपणा' असा रकाना होता, मी त्यात खूण करून पुढे गेले होते. 'काहीतरी सुटतंय' हे त्यांचं म्हणणं नुसतं लक्षण नव्हतं, ती खरी बातमी होती. तेव्हापासून असा काळजीत पडलेला मुलगा किंवा मुलगी समोर आली की मी आधी विचारते, "काय पाहिलंत?" वाटतं काय, ते नंतर.

आता वहीचं काय करायचं? अवेडिस डोनाबेडियन नावाच्या डॉक्टरांनी १९६६ मध्ये आरोग्यसेवेचा दर्जा तीन अंगांनी पाहावा असं मांडलं: सोयी आणि मनुष्यबळ काय आहे, प्रत्यक्षात सेवा कशी दिली जाते, आणि त्यातून माणसाचं काय होतं. ताईंचे बहुतेक प्रश्न पहिल्या अंगाचे होते. इमारत पाहणं सोपं, म्हणून आपण इमारतच पाहतो.

दुसरं अंग पाहायचं तर जेवणाच्या वेळी जा, संध्याकाळी जा, न कळवता जा. भरवणारी व्यक्ती बसून भरवते की उभ्याने? घास गिळायची वाट पाहते का? कुणी घंटा वाजवली तर मुकाट्याने घड्याळ बघा. खोलीत शिरण्याआधी दारावर टकटक होते का? दोन सेवक आजीचे कपडे बदलताना आजीशी बोलतात की तिच्या डोक्यावरून एकमेकांशी? ब्रिटनमधल्या टॉम किटवूड यांनी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसोबत काम करताना अशा बारीकसारीक गोष्टींची यादीच केली होती: घाई करणं, दुर्लक्ष करणं, लहान मुलासारखं वागवणं. त्यांचं म्हणणं होतं की यात बहुतेकदा कुणाचा वाईट हेतू नसतो, तरी माणूस आतून झिजत जातो. ताईंच्या बाबांना कुणी छळलं नव्हतं. त्यांचा त्रास नव्हता, एवढंच.

सेवकांना एक प्रश्न जरूर विचारा: "बाबांना काय आवडत नाही?" रोज तीच माणसं त्यांच्याकडे बघत असतील तर उत्तर चटकन येतं, तेही बहुधा हसत. माणसं सारखी बदलत असतील तर "चांगले आहेत हो आजोबा" असं काहीतरी येतं.

तिसऱ्या अंगाला आकडे लागतात आणि तिथे ताईंची वही मला मनापासून आवडली. दर महिन्याचं वजन मागून घ्या. ठरवून कमी केलेलं नसताना महिन्यात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के उतरलं, म्हणजे साठ किलोच्या माणसाचं तीन किंवा सहा किलो, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या माकडहाडाकडची आणि टाचांची कातडी स्वतः पाहा. दाबूनही न जाणारी लाली ही जखमेची सुरुवात असते. कूस किती वेळाने बदलता, हे विचारा. माणूस अचानक दिवसभर पेंगायला लागला तर कोणती गोळी, कुणी लिहिली, कशासाठी, हे विचारा. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना आवरण्यासाठी दिली जाणारी काही मनोविकाराची औषधं मृत्यूचा धोका वाढवतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००५ मध्येच दिलाय.

आणि "आमच्याकडे कुणी कधी पडतच नाही" असं अभिमानाने सांगणाऱ्यांपासून जरा सावध. चालती माणसं कधीतरी पडतात. कुणीच पडत नसेल तर त्यांना खुर्चीतून उठू देतात का, ते बघा. "शेवटचं कोण पडलं आणि त्यानंतर तुम्ही काय बदललंत?" या प्रश्नावर व्यवस्थापकाचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

"पण तक्रार केली तर राग बाबांवर निघेल," हेही सगळेच म्हणतात. ताईही म्हणाल्या. मी सांगितलं, सुरुवात बॅटरीपासूनच करा. छोटी गोष्ट, आरोप न करता, लेखी आणि तारीख घालून. छोट्या तक्रारीला मिळालेलं उत्तर पुढचं बरंच सांगून जातं. मात्र बोटांच्या ठशांसारखे वळ दिसले, ठरावीक माणूस आला की ते आक्रसत असतील, किंवा तुम्हाला त्यांच्याशी एकांतात बोलूच देत नसतील, तर समुपदेशकाची वेळ घेत बसू नका. फोटो काढा, डॉक्टरांना दाखवा, संबंधित सरकारी यंत्रणेकडे जा, गरज पडली तर त्यांना तिथून हलवा.

ताईंच्या निवासाने चूक मान्य केली. मशीनची जबाबदारी एका मावशीवर ठरवून दिली. ताईंनी मात्र बॅटरी बदलण्याचं काम बाबांकडेच मागितलं. मला हे फार आवडलं. एलेन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. एका वृद्धनिवासात एका मजल्यावरच्यांना स्वतःचे छोटे निर्णय घ्यायला सांगितलं आणि सांभाळायला एक रोप दिलं. दुसऱ्या मजल्यावरही रोपं दिली, पण पाणी घालायचं काम परिचारिकांचं. पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त उत्साही आणि सावध राहिली. ताईंनी हे कधी ऐकलेलं नव्हतं. त्यांना ते बाबांकडे बघून सुचलं.

बॅटरी घातल्यावर बाबांचं पहिलं वाक्य होतं, "तू एवढी ओरडून का बोलतेस?"

शेवटच्या भेटीला ताई वही न घेता आल्या. मी म्हटलं, टाकली तर नाहीत ना? नव्हती टाकली. तिथे बाबांच्या खणात ठेवली होती. ६२ प्रश्नांवर काट मारून पहिल्या पानावर बाबांनी स्वतःच्या हाताने रकाने आखले होते: तारीख, डावा कान, उजवा कान, सही.