धर्मगुरू असलेला कोणी मोठा केमिस्ट होऊन गेलाय का?

हो, फादर ज्युलियस न्यूलँड. माझ्या मते या माणसाचं नाव शाळेच्या पुस्तकात असायलाच हवं.

जन्म १८७८ चा, बेल्जियममधला, पण लहानपणीच घरचे अमेरिकेत इंडियानाला गेले. १९०३ ला कॅथलिक प्रीस्ट झाले आणि पुढच्याच वर्षी ॲसिटिलीन गॅसवर पीएचडी. त्या कामात ॲसिटिलीन आणि आर्सेनिक ट्रायक्लोराइडची रिअ‍ॅक्शन करताना असं काही भयंकर विषारी तयार झालं की ते आजारी पडले आणि तो विषय त्यांनी सोडूनच दिला, पण पहिल्या महायुद्धात अमेरिकन आर्मीच्या लोकांनी तीच थिसिस वाचून ल्युइसाइट नावाचा विषारी वायू बनवला, हे मला फार वाईट वाटतं.

नंतर इंडियानातल्याच नोत्र दाम युनिव्हर्सिटीत बॉटनी आणि केमिस्ट्री शिकवली. १९२५ मध्ये त्यांचं लेक्चर ऐकून ड्यूपाँट या अमेरिकन केमिकल कंपनीने संपर्क केला आणि त्यांच्या ॲसिटिलीनच्या कामावरून १९३० च्या सुमारास निओप्रीन, म्हणजे तेलाने खराब न होणारं सिंथेटिक रबर, तयार झालं. त्यांनी गरिबीचं व्रत घेतलेलं असल्याने रॉयल्टी स्वतःसाठी घेतली नाही, ती युनिव्हर्सिटीला गेली. १९३६ ला वारले. आज डायव्हिंग सूट, गाड्यांचे बेल्ट, नी-कॅप, लॅपटॉपचं कव्हर, सगळीकडे हे निओप्रीन सापडतं.