ब्रिटिश 'लाइफ ऑन मार्स'चा अमेरिकन रिमेक का फसला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मूळ ब्रिटिश 'लाइफ ऑन मार्स' तुम्हाला मनापासून आवडली, मग कथानक तेच, मुख्य पात्रांची नावं बहुतेक तीच, वर हार्वी कायटेलसारखा नट, तरी अमेरिकन मालिका एका सीझनमध्ये का आटोपली? आणि ब्रिटिश विज्ञानकथा अमेरिकेत नेऊन वसवणं मुळात जमतं का?

मी दोन्ही मालिका पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिल्या आहेत, त्याही उलट्या क्रमाने. आधी अमेरिकन, मग मूळ. त्यामुळे अमेरिकन मालिकेवर माझा राग नाही. तिचा पहिला भाग संपल्यावर मी त्याच रात्री जागून पुढचे दोन पाहिले होते. खाली दोन्हींचे शेवट सांगावेच लागणार आहेत, तेव्हा अमेरिकन बघायची राहिली असेल तर आधी ती बघा आणि मग परत या.

ज्यांनी काहीच पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी कथेचं बीज सांगतो. मँचेस्टरचा पोलीस अधिकारी सॅम टायलर २००६ साली गाडीखाली येतो आणि शुद्धीवर येतो तो १९७३ मध्ये. आपण वेडे झालोय, कोमात आहोत, की खरोखरच काळात मागे आलोय, हे त्याला कळत नाही. पोलीस ठाणं तेच, पण साहेब आता जीन हंट: उंटाच्या रंगाचा कोट, फोर्ड कॉर्टिना गाडी, आणि संशयिताला दोन ठेवून दिल्याशिवाय तपास पुढे सरकत नाही यावर गाढ विश्वास. मॅथ्यू ग्रॅहम, टोनी जॉर्डन आणि अ‍ॅशली फॅरो यांनी ही मालिका रचली. जॉन सिम सॅम झाला, फिलिप ग्लेनिस्टर जीन हंट. बीबीसीवर जानेवारी २००६ ते एप्रिल २००७ या काळात दोन सीझन मिळून १६ भाग झाले.

अमेरिकन मालिका खरं म्हणजे दोनदा बनली. आधी डेव्हिड ई. केली यांनी ती लॉस एंजेलिसमध्ये बसवली होती. त्या पायलटमध्ये, म्हणजे वाहिनीला दाखवायला केलेल्या चाचणीच्या भागात, जीन हंट होता कोलम मीनी. मग केली बाजूला झाले, नवी लेखक मंडळी आली आणि कथा न्यूयॉर्कला हलली. सॅमची भूमिका करणारा जेसन ओमारा राहिला, त्याच्याभोवतीची माणसं बदलली. हार्वी कायटेल जीन हंट झाला, मायकेल इम्पेरिओली ठाण्यातला सहकारी रे कार्लिंग, ग्रेचेन मोल अ‍ॅनी, म्हणजे सॅमचा जीव जिच्यात गुंततो ती ठाण्यातली पोलीस. गाव बदलण्याचा हा निर्णय मला त्या मालिकेचा सगळ्यात शहाणा निर्णय वाटतो, कारण त्यामुळेच तिच्या वाट्याला तो एक प्रसंग आला.

मूळ मालिकेत सॅम पडतो एका उड्डाणमार्गाखाली, आणि जागा होतो तेव्हा तो उड्डाणमार्ग अजून बांधलाच गेलेला नसतो. समोर मोकळी, उकरलेली जमीन आणि 'येत आहे' असं सांगणारा फलक. मँचेस्टरच्या सॅमला दिसतं ते अजून न झालेलं शहर. न्यूयॉर्कचा सॅम मात्र मान वर करतो आणि त्याला वर्ल्ड ट्रेड सेंटरचे दोन मनोरे दिसतात. २००८ मधून आलेल्या माणसाला. एप्रिल १९७३ मध्ये त्या मनोऱ्यांचं रीतसर उद्घाटन झालं होतं, म्हणजे ते तेव्हा कोरे करकरीत होते. आपण १९७३ मध्ये आहोत हे त्याला कुणी सांगावंच लागत नाही. इथे अमेरिकन लेखकांनी मूळ प्रसंगाची नक्कल केली नाही. त्यांनी स्वतःला विचारलं, की आमच्या गावात अशा माणसाला काय दिसलं असतं? आणि उत्तर असं सापडलं, की ते ब्रिटिशांना कधीच सापडलं नसतं. चांगलं रूपांतर मी यालाच म्हणतो.

माझी तक्रार ही, की हा प्रश्न त्यांनी एकदाच विचारला.

पोलिसी कारभाराचंच बघा. मूळ मालिकेत सॅम आणि जीन यांची रोजची झटापट कशावरून होते? सॅम नियमांच्या जगात वाढलेला पोलीस आहे. त्याला वकील हवा, चौकशीचं ध्वनिमुद्रण हवं, पुरावा जपून ठेवायला हवा. ब्रिटनमध्ये पोलिसांच्या चौकशीला नियमांत बांधणारा मोठा कायदा आला १९८४ मध्ये. त्यामुळे १९७३ च्या मँचेस्टरमध्ये सॅम हे सगळं मागतो तेव्हा तो अजून जन्मालाच न आलेल्या कायद्याची भाषा बोलत असतो. सगळं ठाणं त्याच्याकडे बघत राहतं ते उगाच नाही.

न्यूयॉर्कमध्ये परिस्थिती वेगळी होती. संशयिताला त्याचे हक्क ऐकवण्याचा दंडक अमेरिकेत १९६६ च्या मिरांडा निकालापासून होता. पोलिसांच्या लाचखोरीविरुद्ध न्यूयॉर्कचाच पोलीस फ्रँक सर्पिको १९७१ मध्ये नॅप आयोगापुढे जाहीरपणे बोलला होता, आणि १९७२ मध्ये आयोगाचा अहवाल आला होता. म्हणजे १९७३ च्या न्यूयॉर्कच्या पोलिसाला नियम पक्के ठाऊक होते. तो ते जाणूनबुजून मोडत होता, आणि आपल्यातला एक जण बाहेर जाऊन बोलला याची भीती आणि चीड त्याच्या मनात ताजी होती. अशा ठाण्यात एक अनोळखी, नियमांवर बोट ठेवणारा अधिकारी अचानक बदली होऊन येतो! त्याच्याकडे कुणी विक्षिप्त पाहुणा म्हणून बघणार नाही. वरून पेरलेला हेर म्हणूनच बघतील. मालिका या एका संशयावर उभी राहिली असती तर ती न्यूयॉर्कची झाली असती. तसं झालं नाही. ठाण्यातली भांडणं मँचेस्टरच्या मापाचीच राहिली.

इतर देशांनी याच मालिकेचं काय केलं ते बघितलं, की मुद्दा आणखी स्पष्ट होतो. स्पेनने ती २००९ मध्ये केली आणि नायकाला पाठवलं १९७७ मध्ये, म्हणजे हुकूमशहा फ्रँकोनंतरची पहिली खुली निवडणूक झाली त्या वर्षात. रशियाने २०१२ मध्ये केली. साल १९७९, सोव्हिएत मिलिशियाचे दिवस. चेक आवृत्ती २०१७ ची. तिचा नायक जातो १९८२ मध्ये, कम्युनिस्ट राजवटीच्या थिजलेल्या काळात. कोरियाने २०१८ मध्ये १९८८ निवडलं: सोल ऑलिंपिकचं वर्ष, हुकूमशाही सरून जेमतेम काही महिने झालेले. प्रत्येकाने आधी आपलं दुखरं साल शोधलं आणि मग कथा लिहायला घेतली. १९७३ हे साल जसंच्या तसं उचललं ते अमेरिकेने. न्यूयॉर्कपुरतं ते साल चालण्यासारखं होतं, हे वर सांगितलंच. पण त्यांनी ते निवडलेलं नव्हतं, त्यांना ते आयतं मिळालं होतं. आणि आयत्या मिळालेल्या गोष्टीत खोलवर शिरायची गरज कुणाला वाटत नाही.

आता शेवटाकडे येतो.

मूळ मालिकेत सॅम अखेर २००६ च्या जगात परततो. सगळं स्वच्छ, शिस्तीत, काचेचं. एका बैठकीत त्याच्या हाताला जखम होते, रक्त येतं आणि त्याला काहीच जाणवत नाही. तिकडे १९७३ मध्ये तो आपल्या माणसांना गोळीबारात सोडून आलेला आहे, अ‍ॅनीला दिलेला शब्द मोडून. तो पोलीस इमारतीच्या गच्चीवर जातो, धावत सुटतो आणि उडी मारतो. मग पुन्हा १९७३, पुन्हा कॉर्टिना, आणि टेस्ट कार्डवरची (कार्यक्रम नसताना टीव्हीवर दिसणाऱ्या स्थिर चित्रातली) ती लहान मुलगी पुढे येऊन आपला टीव्हीच बंद करते. मी ते पाहून बराच वेळ नुसता बसून होतो. हा माणूस मेला, आणि मला त्याचा आनंद का होतोय?

अमेरिकन शेवट असा: साल २०३५. सॅम हा मंगळाकडे निघालेला अंतराळवीर. प्रवासात झोपवून ठेवलेल्या अंतराळवीरांना कृत्रिम स्वप्नं दिलेली असतात, त्यात बिघाड झाला आणि सॅमचं स्वप्न १९७३ मध्ये घसरलं. मोहीम आहे मंगळावर जीवसृष्टीची जनुकं शोधण्याची, म्हणजे इंग्रजीत शब्दशः 'जीन हंट'. खुद्द जीन हंट निघतो यानातला मेजर टॉम, सॅमचा बाप. मालिकाभर पेरलेली कोडी, म्हणजे मधूनमधून दिसणारे छोटे यंत्रमानव, 'हाइड' हे नाव, शेजारीण विंडी, सगळ्याची जुळणी होते. मेहनत दिसते, ती मी नाकारत नाही. मार्च २००९ च्या सुरुवातीला मालिका बंद होणार हे ठरलं आणि १ एप्रिलला शेवटचा भाग लागला. अनेक रद्द झालेल्या मालिकांना शेवटच मिळत नाही, यांना मिळाला.

पण त्या शेवटाने सॅमकडून काय घेतलं? काहीच नाही. अ‍ॅनी जिवंत, तीही यानातच. १९७३ मध्ये बापाविषयी जे कळून तो मोडून पडला होता, तेही स्वप्नात गेलं. सतरा भाग मी ज्यांच्यासाठी जीव टांगणीला लावला, ते यंत्रातल्या बिघाडाचे परिणाम निघाले.

कोणी म्हणेल, ब्रिटिशांनी कोडं उघडं ठेवलं आणि अमेरिकनांनी सोडवलं, एवढाच फरक. तसं नाही. उत्तर ब्रिटिशांनीही दिलं, २०१० मध्ये 'अ‍ॅशेस टू अ‍ॅशेस' या पुढच्या मालिकेच्या अखेरीस. जीन हंटचं जग म्हणजे मेलेल्या पोलिसांचा मधला मुक्काम. आणि जीन स्वतः कोण? १९५३ मध्ये, राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाच्या दिवशी, गोळी लागून मेलेला आणि शेतात पुरला गेलेला एक कोवळा शिपाई. तो रुबाब, तो कोट, ती गुर्मी, सगळं त्या पोराने मोठेपणी असं व्हायचं म्हणून रचलेलं. हेही अगदी स्पष्ट उत्तरच आहे. पण ते कळल्यावर मागचा प्रत्येक भाग आणखी जड होतो. अमेरिकन उत्तर कळल्यावर मागचे सगळे भाग हलके होतात.

याच दुखण्याचं आणखी जुनं उदाहरण आहे 'रेड ड्वॉर्फ' ही अंतराळयानावर घडणारी विनोदी ब्रिटिश मालिका. १९८८ पासूनच्या या मालिकेतला डेव्ह लिस्टर हा तीस लाख वर्षांनंतर उरलेला एकटा माणूस, आणि यानावर त्याचं काम काय, तर खाद्यपदार्थांच्या यंत्रांच्या बुजलेल्या नळ्या साफ करायच्या. लिव्हरपूलच्या कामगारवस्तीची बोली, मळके कपडे, विंदालूवर जीव (आपल्या गोव्यातून निघालेला पदार्थ कुठवर पोचला बघा). त्याच्या डोक्यावर बसलेला रिमर हुद्द्याने जेमतेम एक पायरी वर, आणि त्या एका पायरीवरच तो आयुष्यभर जगतो. १९९२ मध्ये एनबीसी या अमेरिकन वाहिनीसाठी याचा अमेरिकन पायलट झाला. लिस्टर झाला क्रेग बियर्को: उंच, देखणा, नायक शोभेल असा. त्याला पाहताना हा माणूस तळाचा आहे यावर विश्वासच बसत नाही, आणि मग रिमरच्या त्या एका पायरीला काही अर्थ उरत नाही. वाहिनीने मालिका घेतली नाही.

अमेरिकेत तळाची माणसं नाहीत का? बोली नाहीत? भरपूर आहेत, पण त्या शोधाव्या लागतात. पु. ल. देशपांड्यांनी 'पिग्मॅलियन'वरून 'ती फुलराणी' केलं तेव्हा लंडनच्या गल्लीतली भाषा भाषांतरित करून भागणार नव्हतं. मराठीत कोणाच्या तोंडी कोणती भाषा आली की ऐकणारा नाक मुरडतो, ते शोधावं लागलं. मंजुळा बोलू लागली की तिची पायरी आपल्याला सांगावी लागत नाही.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर 'हो, जमतं' असं आहे. स्पेन आणि कोरियाने वाट तर दाखवलीच. तुम्ही अमेरिकन मालिका सगळी बघा असा आग्रह मी धरणार नाही, पण पहिला भाग त्या मनोऱ्यांसाठी जरूर बघा. कायटेलचा जीन हंट ग्लेनिस्टरपेक्षा वयाने बराच थोराड आहे. तुलना बाजूला ठेवून पाहिलात तर तो आवडेल. आणि १६ भागांची कोरियन मालिका कुठे मिळाली तर सोडू नका. कोरियन भाषा येत नसली तरी सबटायटलवर उत्तम कळते. तिच्यातली अ‍ॅनी म्हणजे पोलीस यून ना-यंग. ठाण्यात तिच्याकडून चहा-कॉफी करून घेतली जाते, तेवढ्यात ती आपल्या वहीत गुन्ह्याच्या बारीकसारीक नोंदी करत असते. ती वही रुबाबात बसलेले पुरुष कधी उघडतात, ते बघा.