शाळेचं नंतर बघू, आधी ती पॉलिसी दाखवा

प्रश्न: मी 34 वर्षांचा, कराडजवळच्या गावात राहतो. पगार हातात 52 हजार, घरकर्जाचा हप्ता 18 हजार, पत्नी गृहिणी. मुलगी जूनमध्ये पहिलीला जाईल. गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत घालू की शहरातल्या सीबीएसईत? तिथे फी, बस, पुस्तकं धरून वर्षाला 1 लाख 20 हजार. पुढच्या शिक्षणाची सोय झाली आहे: साडूंकडून घेतलेली चाइल्ड पॉलिसी, वर्षाला 60 हजार, 15 वर्षांनी बोनससकट 12 लाख; साडू म्हणतात, ‘20 तरी होतील.’ पॉलिसीची प्रत जोडली आहे.

उत्तर: प्रत जोडलीत ते बरं केलंत. विमा मुलीच्या जिवावर आहे! घर तिच्या पगारावर चालतं का? तुमच्या विम्याबद्दल पत्रात एवढंच: ‘कंपनीचं काहीतरी आहे.’ उद्या तुमचं बरंवाईट झालं तर कर्ज तसंच, पगार बंद, आणि या पॉलिसीचे हप्तेही पत्नीनेच भरायचे, कारण हप्तामाफीचा रायडर, म्हणजे पालक गेल्यास पुढचे हप्ते माफ करणारी जोड, घेतलेलाच नाही.

बरं, मिळणार काय? 9 लाख भरून 12 लाख, म्हणजे साडेतीन टक्के. हेच पैसे सुकन्या समृद्धीत, म्हणजे मुलींसाठीच्या सरकारी बचत योजनेत, आजचा 8.2 टक्के दर टिकला तर, 15 वर्षांत 18 लाखांच्या घरात जातात. ‘20 तरी होतील’ असं साडू म्हणतात ना, मग विमा कंपनीच्या लेटरहेडवर लिहून आणू द्या.

आधी स्वतःचा एक कोटीचा टर्म इन्शुरन्स (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा) घ्या; वर्षाला पंधरा हजारांच्या आसपास. तो हातात पडल्यावरच विमा कंपनीला या पॉलिसीचं सरेंडर मूल्य (आत्ता बंद केली तर मिळणारे पैसे) आणि पेड-अप मूल्य (हप्ते थांबवून तशीच ठेवली तर शेवटी मिळणारे पैसे) लेखी विचारा. भरलेल्या दोन हप्त्यांतलं बरंचसं बुडेल. पुढचे तेरा वाचतील.

आता शाळा. फी दरवर्षी दहा टक्के वाढली तर दहावीपर्यंत 19 लाख. हप्ता जाऊन उरणाऱ्या 34 हजारांतून आत्ताच महिना 10 हजार द्यायचे! झेडपीच्या शाळेत एकदा सकाळी जाऊन बसा. एकच बाई दोन वर्ग सांभाळत असतील तर माझं गणित विसरा. शिक्षक पुरेसे असतील, सेमी-इंग्रजी असेल, शिष्यवृत्ती परीक्षेला मुलं बसत असतील, तर तिथेच घाला आणि महिना दोन हजार इंग्रजीवर खर्च करा. पाचवीनंतर खाजगी शाळेत हलवता येतं. खाजगीतून परत आणताना मात्र लोक काय म्हणतील याचीच धास्ती जास्त, असं मी पाहिलंय.

सुकन्याचं खातं मुलगी दहाची होईपर्यंतच उघडता येतं. जन्मदाखला, आधार आणि पॅन घेऊन पोस्टात जा.