मजबूत चिकटपट्टी कशी बनवतात, आणि ती रोलमध्ये स्वतःलाच कायमची का चिकटून बसत नाही?

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग वाचून बरं वाटलं, कारण टेपच्या धंद्यातली निम्मी डोकेदुखी तिथेच आहे. मी सुरुवातीला वसई पूर्वेला एका गाळ्यात टेप कटिंगवर होतो, पुढे नऊ वर्षं कोटिंग प्लांटमध्ये. त्यामुळे जे सांगतोय ते मुख्यतः पार्सलच्या खाकी आणि पारदर्शक टेपबद्दल. फोम टेपकडे शेवटी येतो.

टेपची फिल्म म्हणजे बीओपीपी. पॉलिप्रॉपिलीनचा जाड पापुद्रा गरम करून आधी लांबीत ओढतात, मग रुंदीत. या दुहेरी ताणामुळेच 25 मायक्रॉनची, म्हणजे केसाच्या निम्म्याहून पातळ फिल्म हाताने ओढून तुटत नाही. कडेला नखाने जरा चीर पाडली तर मात्र टरकन फाटत जाते. खोक्यावरून टेप काढताना हे तुम्ही अनुभवलं असेलच.

अडचण अशी की या प्लास्टिकला काहीच धड चिकटत नाही. म्हणून फिल्म बनवतानाच तिच्या एका बाजूला कोरोना ट्रीटमेंट देतात. फिल्म एका रुळावरून जाते, वर उच्च दाबाच्या विजेची पट्टी असते, मधल्या फटीत जांभळट उजेड दिसतो आणि ओझोनचा उग्र वास येतो. ती बाजू आता गोंद धरायला तयार झाली. झाली की नाही हे डायन पेनने बघायचं (पृष्ठभाग द्रवाला किती धरतो, ते डायन या एककात मोजतात). साधं स्केचपेन दिसतं, रेघ ओढायची. ट्रीटमेंट असलेल्या बाजूवर रेघ अखंड राहते. दुसऱ्या बाजूवर दोन सेकंदांत ती आक्रसते आणि थेंब थेंब होते, अगदी अळवावरच्या पाण्यासारखी. ट्रीटमेंट नसलेल्या फिल्मची पातळी 30 डायनच्या आसपास असते, आम्हाला 38 च्या वर लागायची.

आता तुमचं उत्तर. गोंद लावायचा तो ट्रीटमेंट केलेल्या बाजूवर. रोल गुंडाळला की तोच गोंद खालच्या थराच्या पाठीवर टेकतो, पण त्या पाठीला ट्रीटमेंट नसते. त्यामुळे तो पोटाला घट्ट धरतो आणि पाठीला जेमतेम. रोल उलगडताना कर्रर्र आवाज होतो तो पाठीवरून अडखळत सुटण्याचा. बिनआवाजाची टेप मिळते, तिच्या पाठीवर वेगळा रिलीज कोट, म्हणजे गोंद सहज सुटू देणारा थर, दिलेला असतो. कापडी टेपलासुद्धा पाठीला असंच काहीतरी लागतं.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. एकदा रात्रपाळीत फिल्मचा रोल उलटा चढला. गोंदात पसरण्यासाठी साबणासारखी द्रव्यं असतात, म्हणून तो उलट्या बाजूवरही छान पसरला. दिसायला एकदम गुळगुळीत, कोणाला शंका आली नाही. चार हजार मीटरचा जंबो रोल तयार झाला. दुसऱ्या दिवशी कटिंगला लावला तर उलगडताना सगळा गोंद पाठीवर राहिला आणि कोरी फिल्म हातात आली. पोळी तव्यावर टाकावी, सारण तव्याला चिकटावं आणि नुसती पारी हातात यावी, तसं. सगळा माल भंगारात. पेनची एक रेघ ओढली असती तर वाचला असता.

गोंदाचे मुख्य प्रकार तीन: रबराचा, हॉटमेल्टचा आणि अ‍ॅक्रिलिकचा. हॉटमेल्ट म्हणजे एका प्रकारचं कृत्रिम रबर, राळ आणि तेल 160-170 अंशांवर वितळवून गरमच फिल्मवर ओतायचं. खोक्याला लगेच पकडतो, पण मे महिन्यात ताडपत्रीखाली तापलेल्या ट्रकमध्ये ढिला पडतो आणि उन्हात पिवळा होतो. आमच्याकडे अ‍ॅक्रिलिक होता. ब्युटाइल अ‍ॅक्रिलेटसारख्या द्रवांपासून पाण्यात बनवलेला, दुधासारखा पांढरा, पिंपांतून येणारा. निम्मा गोंद, निम्मं पाणी.

कोटिंग मशीनवर हे दूध पातळ थराने फिल्मवर चढतं. नंतर फिल्म लांबलचक ओव्हनमधून जाते, पाणी उडतं आणि दुधाळ थर हळूहळू काचेसारखा स्वच्छ होतो. ओव्हनच्या खिडकीतून तो बदल बघायला मला शेवटपर्यंत मजा वाटायची. वाळल्यावर साधारण 20 मायक्रॉन गोंद उरतो. ओव्हन जास्त तापवला तर फिल्म आकसते. कमी तापवला तर आत पाणी राहतं आणि टेप धुरकट दिसते. खाकी टेपमध्ये रंग बहुतेक वेळा गोंदातच असतो, फिल्म पारदर्शकच असते.

कटिंग सोपं. 1280 मिलिमीटर रुंदीच्या जंबोतून 48 मिलिमीटरचे 26 पट्टे निघतात, दोन्ही कडांची थोडी पट्टी वाया जाते. 65 मीटरचे रोल केले तर एका जंबोतून दीड हजाराहून जास्त. बाजारात स्वस्त टेप घेताना मायक्रॉन आणि मीटर दोन्ही तपासा. पुठ्ठ्याची कोअर जाड करून रोल गुबगुबीत दाखवायची युक्ती जुनी आहे.

आता ‘मजबूत’ म्हणजे काय, हे ग्राहकाला विचारलं तर तो एकच शब्द सांगतो, पण आमच्या क्यूसीच्या, म्हणजे दर्जा तपासणीच्या, खोलीत तीन वेगळ्या चाचण्या असायच्या. पहिली टॅक, म्हणजे टेकताक्षणी धरते का. उतारावरून पोलादी गोळी सोडायची आणि टेपच्या चिकट बाजूवर ती किती लांब जाऊन थांबते ते मोजायचं. दुसरी पील: स्टीलच्या पट्टीवर टेप लावायची, दोन किलोचा रूळ फिरवायचा आणि 180 अंशांत उलटी सोलताना किती जोर लागतो ते बघायचं. तिसरी शिअर: इंचभर चौरस टेप स्टीलला चिकटवून खाली एक किलोचं वजन लटकवायचं आणि घड्याळ लावायचं. ओळीने वजनं लटकलेली असायची. रात्री खोलीत सामसूम असताना एखादं धप्पकन पडलं की नवा पोरगा दचकायचा.

गंमत अशी की या तिघींचं आपसात पटत नाही. गोंद मऊ केला की पटकन धरतो, पण वजनाखाली हळूहळू घसरतो. त्याच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींना बांधून घट्ट केला की महिनोन्महिने घसरत नाही, पण मग खरखरीत पुठ्ठ्याच्या खाचाखोचांत शिरत नाही. चिकटण्यासाठी गोंदाने पृष्ठभागावर पसरायला हवं, म्हणजे थोडं द्रवासारखं वागायला हवं, टिकण्यासाठी घनासारखं. जास्त गोंद म्हणजे जास्त मजबूत, असं समीकरण नाही.

किंबहुना या उद्योगाची सुरुवातच कमी चिकटण्यापासून झाली. 1920 च्या दशकात अमेरिकेत दोन रंगी मोटारींची फॅशन होती. रंगारी कडेला चिकटवलेला कागद काढायचे तेव्हा खालचा ताजा रंगही सोलून यायचा. थ्रीएम कंपनीचे रिचर्ड ड्रू सँडपेपरचे नमुने घेऊन अशा गॅरेजांत जायचे, त्यांनी हे पाहिलं आणि 1925 मध्ये मास्किंग टेप आणली. पारदर्शक सेलोफेन टेप 1930 ची.

राहिली फोम टेप, जी लावून लोक स्क्रू न मारता पॅनेल बसवतात. थ्रीएमने 1980 मध्ये व्हीएचबी नावाने ती आणली. त्यात फिल्मवर गोंद असा प्रकारच नाही, अख्खी जाडी अ‍ॅक्रिलिकची असते. पाकासारखा दाट द्रव, त्यात काचेचे सूक्ष्म पोकळ गोळे, दोन थरांमध्ये पसरवून अतिनील प्रकाशात घट्ट करतात. ऊन-थंडीने पॅनेल आणि चौकट कमीजास्त प्रसरण पावतात, तेव्हा ही जाडी मध्ये ताणली जाते आणि धक्का पचवते. रोलमध्ये ती स्वतःला चिकटू नये म्हणून सिलिकॉन लावलेला सुटा कागद किंवा फिल्म असते.

घरी लावणार असाल तर जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, दाबून लावा आणि लगेच वजन टांगू नका. पूर्ण जोर यायला 72 तास लागतात. काच, स्टील, टाइल्सवर उत्तम. डिस्टेंपरच्या भिंतीवर मात्र पैसे घालवू नका. तिथे टेप जागची हलत नाही, रंगाचाच पापुद्रा तिला चिकटून खाली येतो.