ब्लॅक बेल्ट नवव्या वर्षी?

प्रश्न : माझी नऊ वर्षांची मुलगी तीन वर्षे कराटेच्या वर्गाला जाते. पुढच्या ग्रेडिंगमध्ये तिला ब्लॅक बेल्ट मिळेल, असे वर्गातून कळवले आहे. परीक्षेची फी मात्र जड वाटते. तरुणपणी तालमीत घाम गाळलेले माझे सासरे याला पोरखेळ म्हणतात. जपानमध्ये या पट्ट्याकडे कसे पाहतात?
– एक पालक, सातारा

उत्तर : आपल्या सासऱ्यांचा आक्षेप मला रास्त वाटतो. तालमीत पैलवानाला पट्टा नसतो. त्याचे नाव होते ते मैदानातल्या कुस्तीवर. जपानमध्येही पट्ट्याची प्रथा फार जुनी नाही. पूर्वी जुजुत्सू (अंगाशी भिडून लढण्याची जपानी विद्या) आणि तलवारबाजीची घराणी शिष्याला टप्प्याटप्प्याने लेखी परवाने देत, आणि शेवटचा परवाना म्हणजे घराण्याची सगळी विद्या हाती आल्याची ग्वाही असे. ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानो यांनी 1883 मध्ये दोन शिष्यांना पहिला डॅन, म्हणजे आज काळ्या पट्ट्याने ओळखला जाणारा दर्जा, दिला. काळा पट्टा त्यानंतर काही वर्षांनी आला. गिचिन फुनाकोशी यांनी कराटेत डॅनची पद्धत आणली ती 1924 मध्ये.

आज जपानमध्ये पहिला डॅन शाळकरी मुलांनाही मिळतो आणि त्याचे फारसे अप्रूप नसते, कारण मूलभूत तंत्रे अंगवळणी पडली आणि आता खरे शिक्षण सुरू करता येईल, एवढाच त्याचा अर्थ लावला जातो. तरीही ज्युदोची मूळ संस्था कोदोकान चौदा वर्षांखालच्या मुलाला तो देत नाही, हे आपण जरूर लक्षात घ्यावे. केंदोमध्ये, म्हणजे बांबूच्या तलवारीने खेळल्या जाणाऱ्या जपानी तलवारबाजीत, तर दर्जा दाखवणारा पट्टाच नसतो. तिथल्या आठव्या डॅनच्या परीक्षेला बसण्यासाठी वय किमान 46 आणि सातव्या डॅननंतर दहा वर्षांची साधना लागते, आणि एवढे करूनही शंभरात एखादाच उत्तीर्ण होतो; बाकीचे पुन्हा सरावाला लागतात आणि पुन्हा परीक्षेला बसतात.

याचा अर्थ जपानमधला दर्जा नेहमी न्याय्यच असतो, असा मात्र नाही. कानो यांच्या गुरूंची नात केइको फुकुदा यांना 1953 मध्ये पाचवा डॅन मिळाला आणि स्त्रियांना त्यापुढे जाऊ न देण्याच्या रिवाजामुळे त्या जवळजवळ वीस वर्षे तिथेच अडकून राहिल्या. कोदोकानचा नववा डॅन त्यांच्या हाती आला 2006 मध्ये, वयाच्या नव्वदीनंतर. मधल्या काळात त्यांनी अमेरिकेत शिकवणे थांबवले नाही. मुलीच्या आईवडिलांनी ही हकीकत तिला अवश्य सांगावी, असे मला मनापासून वाटते.

आता आपल्या निर्णयाविषयी. प्रमाणपत्र कोणत्या संघटनेचे आहे, परीक्षक वर्गाबाहेरचे आहेत का, आणि लहान मुलांसाठी वेगळा ज्युनिअर दर्जा आहे का, हे प्रशिक्षकांना स्पष्ट विचारा. तायक्वांदोमध्ये पंधरा वर्षांखालच्या मुलांना डॅनऐवजी ‘पूम’ देतात आणि त्यांचा पट्टा अर्धा लाल, अर्धा काळा असतो. ती पद्धत मला समंजस वाटते. शिवाय मुलीला एखादा काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम, सुरुवातीपासून करायला सांगून त्यातल्या प्रत्येक हालचालीचा उपयोग विचारावा. तो तिला सांगता येत नसेल, तर ग्रेडिंग वर्षभर पुढे ढकलावे आणि वर्ग मात्र चालू ठेवावा.